सव्वा महिन्याची सोनोग्राफी

(दादर येथे गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर एका बालशल्यचिकित्सक डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

बऱ्याच जणींच्या मांडीवर फाइल दिसते आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. पाचव्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं, बाळाच्या किडनीला सूज. हा ‘सूज’ शब्द आम्हा डॉक्टरांचाच, आणि त्यानं घरोघरची झोप उडते. मार लागल्यावर येते तशी ही सूज नव्हे. किडनीत लघवी जिथे गोळा होते, ती पिशवी फुगलेली असते. पाचव्या महिन्यात ४ मिलिमीटरच्या आत आणि शेवटच्या तिमाहीत ७ च्या आत असेल तर ती नेहमीचीच धरतात. त्याहून मोठी असली तरी बहुतेक बाळांत ती आपोआप उतरते.

काही बाळांत मात्र ही पिशवी मूत्रनलिकेला, म्हणजे लघवी मूत्राशयात नेणाऱ्या नळीला, जिथे जोडलेली असते, तो सांधा अरुंद असतो. मोरीच्या जाळीत केस अडकले की पाणी जातं, पण तुंबत तुंबत जातं, तसं. आया विचारतात, ‘बाळ तर छान शू करतं, मग अडलंय कुठे?’ अहो, दुसरी किडनी काम करते म्हणून लंगोट ओला होतो. लंगोटावरून या किडनीचं काहीच कळत नाही.

जन्मल्या जन्मल्या सोनोग्राफीची घाई करू नका. पहिले दोन दिवस बाळाला लघवी कमी होते, पिशवी रिकामी दिसते आणि रिपोर्ट खोटा दिलासा देतो. पाचवी पुजली की पहिली, सव्वा महिन्याला दुसरी. ‘सव्वा महिना बाळाला बाहेर काढायचं नाही’ म्हणणाऱ्या आजींना मी सांगते, आजी, पहिल्या सोनोग्राफीपुरती सूट द्या, दुसरी तुमच्याच हिशोबानं करू.

दोन्ही किडन्या फुगलेल्या असतील, किडनी एकच असेल किंवा गर्भजल कमी असेल, तर मात्र दोन दिवसही थांबायचं नाही. मुलग्यांत कधी मूत्रमार्गातच पडदा असतो. तिथे लगेच बारीक नळी घालून लघवी मोकळी करावी लागते. असा संशय असेल तर बाळंतपण बालशल्यचिकित्सक असलेल्या ठिकाणीच करा. मुंबईत वाडिया, केईएम, शीव इथे ती सोय आहे.

सूज टिकली तर सव्वा महिन्यानंतर आयसोटोप स्कॅन, म्हणजे कोणती किडनी किती काम करते आणि लघवी कशी पुढे सोडते ते दाखवणारी तपासणी. बाळाला दूध पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून कॅमेऱ्याखाली ठेवतात. भूल सहसा लागत नाही. शिरेतून औषध जातं, पडद्यावर दोन किडन्यांच्या दोन रेषा चढतात. एक झरझर उतरते, दुसरी वरच रेंगाळते. ती पाहून आईबापांचे चेहरे उतरतात, पण नुसत्या रेंगाळण्यावरून मी कात्री उचलत नाही. दोन किडन्यांत काम साधारण निम्मं-निम्मं वाटलेलं असतं. फुगलेलीचा वाटा ४० टक्क्यांच्या खाली गेला किंवा एका स्कॅनपासून दुसऱ्यापर्यंत घसरत चालला, तर ऑपरेशन. अरुंद तुकडा काढून रुंद जोड द्यायचा. अँडरसन आणि हाइन्स यांनी १९४९ मध्ये मांडलेली ही पद्धत शंभरातल्या नव्वदहून अधिक बाळांत यशस्वी होते.

आता माझी चूक सांगते. डोंबिवलीची एक मुलगी सातव्या महिन्यात रिपोर्ट घेऊन आली होती. फार रडत होती. मी म्हटलं, ‘घाबरू नकोस, बाळ झालं की बघू.’ ती बाळंतपणाला चिपळूणला माहेरी गेली. फाइल डोंबिवलीच्या कपाटात राहिली. चौदा महिन्यांचं बाळ ताप घेऊन माझ्याकडे आलं, तेव्हा त्या किडनीचा वाटा १२ टक्के उरला होता. ती म्हणाली, ‘तुम्ही घाबरू नकोस म्हणालात, म्हणून मी घाबरले नाही.’

तेव्हापासून मी ‘बघू’ म्हणत नाही. अपेक्षित तारखेवरून दोन्ही सोनोग्राफींचे दिवस मोजून फाइलच्या कव्हरवर लाल पेनानं लिहिते. खाली एक ओळ असते: सर्दी-खोकला नसताना ताप आला, तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी लघवीची तपासणी. फाइलची झेरॉक्स माहेरी न्यायच्या बॅगेत, बाळाच्या झबल्यांखाली.

प्रश्न नंतर घेऊ. आधी फाइली पुढे पाठवा, पेन आणलंय मी.