फेडून झालेली गाडी आणि नवा हप्ता

श्रोतेहो, नमस्कार.

कर्ज पूर्ण फिटलेली, दहा-बारा वर्षांची, पण अजून रोज चालणारी गाडी दारात उभी असताना नव्या गाडीचा हप्ता डोक्यावर घ्यावा की जुन्या गाडीची डागडुजी करून तीच वापरावी, या प्रश्नावर आज आपल्याशी बोलायचे आहे. सांगलीतल्या एका सहकारी बँकेच्या कर्जविभागात मी बरीच वर्षे काम केले. दसरा-दिवाळीच्या सुमारास वाहनकर्जाचे अर्ज घेऊन येणाऱ्या अनेक कुटुंबांशी त्या निमित्ताने सविस्तर बोलणे होई, आणि त्यातून माझे एक मत बनत गेले. ज्या घराची कमाई हंगामावर अवलंबून आहे, त्या घराने सुस्थितीतली, सुरक्षित आणि कर्जमुक्त गाडी केवळ दुरुस्तीच्या त्राग्याने मोडू नये. हे मत मी कशाच्या आधारावर मांडतो आहे, ते आता सांगतो.

आधी आकडे पाहू. समजा, पेट्रोलवर चालणाऱ्या एका छोट्या गाडीची एक्स-शोरूम किंमत ८ लाख रुपये आहे. आपल्या राज्यात या किमतीच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के वाहनकर लागतो, म्हणजे ८८ हजार रुपये झाले. त्यात विमा आणि नोंदणीचा खर्च मिळवला की गाडी रस्त्यावर येईपर्यंत सव्वानऊ लाखांच्या आसपास पडते. वरची रक्कम रोख भरून ८ लाखांचे कर्ज साडेनऊ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी काढले, तर दरमहा सुमारे १३,०७५ रुपये हप्ता बसतो. वर्षाला ही रक्कम १ लाख ५७ हजारांच्या घरात जाते आणि सात वर्षांत निव्वळ व्याजापोटी जवळजवळ ३ लाख रुपये भरले जातात. हेच कर्ज पाच वर्षांत फेडायचे ठरवले, तर हप्ता १६,८०० रुपयांवर जातो, पण व्याज २ लाख ८ हजारांवर येते. हप्ता हलका दिसावा म्हणून मुदत वाढवून घेणाऱ्यांनी हा सुमारे ९० हजारांचा फरक सही करण्यापूर्वी कागदावर मांडून पाहावा.

व्याजाच्या दराबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण इथे चांगली शिकलेली माणसेही फसतात. ‘अवघे सात टक्के’ असे सांगितले जाते तेव्हा तो फ्लॅट रेट आहे की घटत्या शिलकीवरचा दर आहे, हे स्पष्ट विचारावे. फ्लॅट रेटमध्ये मुद्दल फिटत गेले तरी व्याज मूळच्या पूर्ण रकमेवरच आकारले जाते. ८ लाखांवर ७ टक्के फ्लॅट दराने पाच वर्षांचे व्याज २ लाख ८० हजार होते, हप्ता १८ हजारांचा बसतो, आणि घटत्या शिलकीच्या हिशेबाने पाहिले तर तो दर साडेबारा टक्क्यांच्या आसपास निघतो. मुदतीपूर्वी कर्ज फेडले तर काय आकार लागेल, तेही त्याच वेळी लेखी विचारून घ्यावे.

आता मी आपल्या जिल्ह्याच्या कमाईकडे येतो, कारण माझ्या मते या प्रश्नाचे खरे मर्म तिथे आहे. हप्ता दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यातून जातो; आपल्याकडचा पैसा मात्र तसा येत नाही. तासगाव, पलूस, मिरज या भागातल्या द्राक्ष बागायतदाराचे वर्ष डोळ्यांसमोर आणावे. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, ऑक्टोबरच्या आगेमागे फळछाटणी होते, त्यानंतर औषधे, खते आणि मजुरी यांचा खर्च एकामागून एक सुरू होतो आणि द्राक्षाचा किंवा बेदाण्याचा पैसा हातात येतो तो जानेवारीनंतर, पुष्कळदा उन्हाळ्यापर्यंत लांबून. फळछाटणीनंतरच्या महिन्यांत अवकाळी पाऊस झाला आणि डाऊनी हा बुरशीचा रोग आला, की रात्री-अपरात्री फवारणी करावी लागते. त्या आठवड्यात दुकानदाराची औषधांची उधारी आणि गाडीचा हप्ता हे दोन्ही एकाच खात्याकडे बोट दाखवत असतात. ऊस उत्पादकाची गोष्ट थोडी वेगळी असली तरी फार निराळी नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस कारखान्याला गेल्यापासून १४ दिवसांत एफ.आर.पी.ची, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराची, रक्कम मिळायला हवी, परंतु बिल तुकड्या-तुकड्यांनी येण्याचा अनुभव आपल्याकडच्या शेतकऱ्याला नवा नाही. खात्यात शिल्लक नसल्याने हप्ता परत गेला, तर बँकेचा दंड बसतोच, शिवाय कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या सिबिलच्या नोंदीत तो उशीर राहतो आणि पुढे पीककर्जाच्या किंवा मुलीच्या शैक्षणिक कर्जाच्या वेळी आड येतो. ज्यांना तरीही गाडी घेणे भाग आहे, अशा शेतकऱ्यांसाठी काही बँका सहामाही हप्त्याची सोय देतात. ती मागून घ्यावी. आपण मागितल्याशिवाय ती कोणी आपणहून पुढे करत नाही.

दुसऱ्या बाजूला जुन्या गाडीचा खर्च आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. वर्षभरातली सर्व्हिसिंग, बॅटरी, ब्रेकचे लायनर, एखादे वर्षी चारही टायर आणि क्लच प्लेट एकदम, असे सारे जमेस धरले तरी छोट्या गाडीला वाईट वर्षी पन्नास-साठ हजार रुपये लागतात. ही रक्कम एकदम द्यावी लागते म्हणून ती टोचते. परंतु आपण मघाशी काढलेल्या वार्षिक हप्त्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा ती फारशी जास्त नाही, आणि असे वर्ष दरवर्षी येत नाही. घरातल्या कुणी ‘गाडी सारखी खर्चात टाकते’ असे म्हटले, तर मागच्या तीन वर्षांची बिले एकत्र करून त्यांची बेरीज करावी. आठवणीत दुरुस्तीचे दिवस राहतात, गाडी बिनबोभाट चाललेले महिने राहत नाहीत.

गाडी ठेवायची की मोडायची, याचा निर्णय मात्र भावनेवर न सोडता ती गॅरेजमध्ये वर उचलून, खालून पाहून घ्यावा. शंभर फुटी रस्त्यावरच्या एका जाणत्या मिस्त्रींना असे करताना मी जवळून पाहिले आहे. त्यांनी आधी इंजिनाला हातही लावला नाही. टॉर्च हातात धरून ते गाडीखाली गेले, दाराखालच्या पट्टीवर आणि पुढच्या सस्पेन्शनच्या सांध्यांजवळ स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने ठोकत गेले, आणि जिथे टणक आवाजाऐवजी बसका आवाज आला तिथे टोकाने दाबून पाहिले. एका जागी रंगाचा पापुद्रा सुटून लाल भुकटी त्यांच्या बाहीवर पडली. मग वर येऊन त्यांनी ऑइलची पट्टी काढून पुसली, पुन्हा बुडवून पातळी पाहिली आणि मालकांना गाडी सुरू करून रेस करायला सांगून सायलेन्सरच्या धुराकडे पाहत राहिले. त्यांचे म्हणणे असे की, क्लच बदलता येतो, रेडिएटर बदलता येतो, इंजिनाचे कामही करता येते. पण भार पेलणारा पत्रा गंजून कुजला असेल, तर त्या गाडीवर पैसा घालू नये. मला हा निकष पटतो. ऑइल खाणारी आणि निळसर धूर काढणारी गाडी असेल, तर इंजिनाच्या कामाचा अंदाज आधी लेखी घ्यावा आणि तो गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर जात असेल, तर थांबावे.

सुरक्षिततेचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढतो. आपल्या देशात ए.बी.एस., म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी सोय, आणि चालकासाठीची एअरबॅग सर्व नव्या गाड्यांना सक्तीची झाली ती २०१९ मध्ये, आणि चालकाशेजारच्या आसनासाठीची त्यानंतर. त्यापूर्वीच्या अनेक स्वस्त गाड्यांत यांतले काहीच नाही. गाडी गावातल्या गावात, मुलांना शाळेत सोडायला आणि बाजाराला लागत असेल तर गोष्ट वेगळी. पण दर आठवड्याला महामार्गावरून कोल्हापूर किंवा पुणे गाठावे लागत असेल, तर ही उणीव मी पैशांत मोजणार नाही. अशा घराने नवी गाडी घ्यावी, किंवा दोन-तीन वर्षे वापरलेली, या सोयी असलेली गाडी पाहावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जी.एस.टी. १८ टक्क्यांवर आल्यापासून वापरलेल्या गाड्यांच्या किमतीही घासाघीस करण्याजोग्या झाल्या आहेत.

बरेच लोक ‘दहा वर्षांनी डिझेल गाडी बंद होते’ असे ऐकून घाईने गाडी विकतात. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी, हे निर्बंध दिल्ली आणि तिच्या परिसरापुरते आले, आपल्या सांगलीच्या एम.एच. १० क्रमांकाच्या गाड्यांना ते लागू नाहीत. आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे चालते आणि नंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. एप्रिल २०२२ पासून वीस वर्षांपर्यंतच्या गाडीसाठी या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले आहे आणि त्यासोबत पर्यावरण करही भरावा लागतो, एवढे हिशेबात धरावे.

विम्याच्या बाबतीत मात्र आपल्या शहराने विशेष सावध राहिले पाहिजे. गाडी जुनी झाली म्हणून पुष्कळ जण पैसे वाचवण्यासाठी केवळ थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता, विमा काढतात. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेले होते. तिथली धोका पातळी ४५ फूट आहे. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. पुरात बुडालेल्या गाडीचे पैसे थर्ड पार्टी विम्यातून मिळत नाहीत. नदीकाठच्या भागात राहणाऱ्यांनी जुन्या गाडीलाही पूर्ण विमा ठेवावा, आणि पाण्यात उभी राहिलेली गाडी कोणत्याही परिस्थितीत चावी फिरवून सुरू करून पाहू नये. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे इंजिनातला कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि असे नुकसान इंजिनासाठीचे वेगळे संरक्षण घेतलेले नसेल, तर विमा कंपनी नाकारू शकते. गाडी ओढून गॅरेजला न्यावी.

जुनी गाडी ठेवायचे ठरले, तर वाचलेला हप्ता घरखर्चात विरघळू देऊ नये, हे मला फार कळकळीने सांगावेसे वाटते. पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत दरमहा १० हजार रुपये टाकले, तर ६.७ टक्के दराने मुदतीअखेर सुमारे ७ लाख १३ हजार रुपये हाती येतात. पगारदाराला हे सहज जमण्यासारखे आहे. बागायतदाराने महिन्याचा आग्रह न धरता, बेदाण्याचे किंवा उसाचे पैसे आले की वर्षाची रक्कम एकदम मुदत ठेवीत टाकावी. पुढची गाडी मग बहुतांशी रोखीने घेता येते, आणि कर्ज लागलेच तर थोडे आणि थोड्या मुदतीचे लागते.

कर्ज फिटले म्हणजे सारे आटोपले, असे समजून आर.सी. वरचा बँकेचा बोजा उतरवायचे राहून गेलेल्या कितीतरी गाड्या आहेत. बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन ते काम आर.टी.ओ. कार्यालयात आधी पुरे करावे. ज्या दिवशी गाडी विकाल, त्या दिवसापासून घेणाऱ्याच्या नावावर ती चढेपर्यंत पाठपुरावा सोडू नये, कारण सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की, नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक आणि अपघाताची भरपाईही त्याच्याकडेच मागितली जाते. विम्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दलची सवलत, मात्र गाडीबरोबर जात नाही, तो मालकाचा असतो. त्याचा दाखला विमा कंपनीकडून मागून घेतला, तर पुढच्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात ५० टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते.

नमस्कार.