आर्मांदो पेरासा: अठ्ठेचाळिसाव्या वर्षी रॉक

श्रोतेहो, नमस्कार.

१९७२ साली गिटारवादक कार्लोस सांताना यांच्या अमेरिकी रॉक बँडमध्ये एक नवा वादक आला. बाकीची मंडळी विशी-पंचविशीतली, केस खांद्यापर्यंत वाढवलेली. आलेले गृहस्थ ४८ वर्षांचे. बोंगो ही लहान ढोलांची जोडी आणि कोंगा हा उंच ढोल, दोन्ही क्यूबाचे आणि हाताने वाजवायचे, ही त्यांची वाद्यं, आणि आर्मांदो पेरासा हे त्यांचं नाव. थोडा खंड सोडला तर १९९० पर्यंत ते त्याच बँडमध्ये वाजवत राहिले. ज्या वयात रॉकवाले जुनी गाणी वाजवून दिवस काढतात, त्या वयात यांनी रॉक सुरू केलं!

लॅटिन रॉक, म्हणजे लॅटिन अमेरिकेच्या तालांवरचं रॉक, म्हटलं की कानात पहिली घुमते ती सांताना यांची गिटार. त्यात चूक काही नाही. पण ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकेतल्या वूडस्टॉक संगीत महोत्सवाच्या मैदानावर हा बँड उभा राहिला, तेव्हा लाखोंच्या गर्दीला हलवलं ते गिटारच्या मागच्या तिघांनी. ड्रमवर वीस वर्षांचा मायकेल श्रीव्ह, कोंगावर मायकेल कॅराबेलो आणि टिंबालीवर, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या धातूच्या ढोलांवर, निकाराग्वाहून आलेला होसे आरेयास, ज्याला सगळे 'चेपीतो' म्हणत. रॉक बँडमध्ये तोवर एक ड्रमवाला पुरत असे. इथे तीन माणसं ताल धरून होती आणि तरी गोंगाट होत नव्हता. हे कसं जमतं, ते आज पेरासांच्या निमित्ताने बघू या.

त्यासाठी एक छोटा प्रयोग करा. (गाडी चालवत असाल तर नंतर करा.) सारख्या लयीत सोळापर्यंत मोजा आणि १, ४, ७, ११, १३ या आकड्यांवर टाळी द्या. पहिल्या आठांत तीन टाळ्या, पुढच्या आठांत दोन. क्यूबाच्या संगीतात याला क्लावे म्हणतात. तीनतालाच्या मात्राही सोळाच, पण तिथे १, ५ आणि १३ वर टाळी, ९ वर खाली, म्हणजे दर चार मात्रांनी एक खांब. क्लावेत अंतरं विषम आहेत, म्हणून ऐकणाऱ्याचं अंग आपोआप पुढे झुकतं. गंमत अशी की मंचावर क्लावे प्रत्यक्ष कुणी वाजवत नसलं, तरी प्रत्येक वादकाच्या डोक्यात ती चालूच असते. कोंगाचा ठेका, टिंबालीची काठी, बोंगोची बोटं, सगळं तिच्याभोवती बसवलेलं. प्रत्येकाची जागा ठरलेली आहे, म्हणून तिघांची टक्कर होत नाही.

बोंगो आपल्याला तसा परका नाही. १९५१ च्या 'अलबेला'साठी सी. रामचंद्र यांनी तो क्लॅरिनेट-सॅक्सोफोनच्या जोडीला बसवला होता, आणि तो ताल आजही वरातीत कुणाला बसू देत नाही. पण क्यूबात बोंगो वाजवणाऱ्याचं काम फार बारीक असतं. दोन लहान ढोल गुडघ्यांत धरायचे आणि बोटांच्या टोकांनी, अंगठ्याच्या कडेने सारखे आघात विणत राहायचे. या ठेक्याला मार्तीयो म्हणतात. गायक मोकळा झाला की त्या विणीतून बाहेर पडून दोन-चार वाक्यं बोलायची आणि परत मुकाट आत यायचं.

पेरासा हे कुणाकडे बसून शिकले नाहीत. जन्म ३० मे १९२४ चा, हवानातला. लहानपणीच आर्मांदो पोरका झाला. बारा वर्षांच्या आसपास स्वतःचं पोट स्वतः भरत होता: भाजी विकायची, मुष्टियोद्ध्यांना तयार करायचं, बेसबॉल खेळायचा, व्याजाने पैसेही फिरवायचे. संगीताशी संबंध शून्य. सतराव्या वर्षी बेसबॉलच्या मैदानावर त्याच्या कानावर आलं की आल्बेर्तो रुईस या बँडप्रमुखाला कोंगावादक हवा आहे. पोराने उरलेला दिवस हात घासले, संध्याकाळी चाचणी दिली आणि मुरलेल्या वादकांना मागे टाकून काम मिळवलं. बँडचं नाव कॉनहुंतो कुबावाना, त्या काळात हवानातला चांगला नावाजलेला. असली कहाणी ऐकली की मला जरा शंका येते. वाद्य हातात नवं असेल, पण ताल त्या शहराच्या गल्लीबोळांतून त्याच्या अंगात आधीच मुरलेला असणार.

१९४८ मध्ये पेरासा मेक्सिकोला गेले. कोंगावादक मित्र मोंगो सांतामारिया तिथे आजारी होता, त्याच्यासाठी. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क. तिथे माचितोच्या लॅटिन जॅझ वाद्यवृंदात वाजवलं, मग जॅझ गायक स्लिम गेलार्डबरोबर फिरत फिरत सॅन फ्रान्सिस्कोला पोचले आणि त्या शहराचेच झाले. १९५० च्या दशकात तिथल्या एका क्लबात त्यांचा क्यूबन नाचगाण्याचा कार्यक्रम चाले. तो बघायला लुई आर्मस्ट्राँग येत, हॉलिवूडची मंडळी येत.

त्यांचं खरं शिक्षण झालं ते मात्र रॉकपासून फार लांब. जॉर्ज शीअरिंग हे लंडनचे अंध पियानोवादक. त्यांच्या जॅझ पंचकाचा आवाज एकदम मऊ: पियानो, व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) आणि गिटार एकच धून एकत्र वाजवणार, तीही दबक्या स्वरात. या घोळक्यात पेरासा जवळपास बारा वर्षं होते. लॅटिन ढंगाच्या तबकड्या निघाल्या, पेरासांनी वीसेक रचना स्वतः केल्या. विचार करा, चार फुटांवर हलक्या हाताने पियानो चालू आहे आणि तुमच्या पुढ्यात चामड्याची वाद्यं. एक थाप जड पडली की सगळं विस्कटलं. पुढे जॅझवादक कॅल जेडरबरोबर सहा वर्षं, तिथेही व्हायब्राफोनच.

माझं मत असं की पेरासा रॉकमध्ये टिकले ते या मऊ संगीतामुळे. दणका देणारे हात सॅन फ्रान्सिस्कोत ढिगाने होते, तिथल्या बागांत रविवारी कोंगांचे अड्डे बसत. विजेची गिटार, हॅमंड ऑर्गन आणि ड्रम यांच्याशी आवाजात स्पर्धा करायला गेलात तर बोंगो हरणारच. पेरासा ती स्पर्धा करतच नाहीत. सगळे थांबतात तिथे ते बोलतात, आणि गिटार सुरू झाली की त्यांचे हात खाली जातात.

सांताना त्यावेळी स्वतःच वळणावर होते. वूडस्टॉकचा संच विस्कटत चालला होता, कॅराबेलो १९७१ मध्येच बाहेर पडला होता. १९७२ च्या 'कॅराव्हानसराय' या तबकडीमध्ये गाणी कमी आणि लांबलचक वादन जास्त. तिथे पेरासांचा बोंगो पहिल्यांदा ऐकू येतो. पुढच्या वर्षी सांताना आणि जॉन मॅक्लॉफ्लिन यांनी मिळून एक तबकडी केली. हे दोघेही तेव्हा न्यूयॉर्कमधल्या श्री चिन्मय यांचे शिष्य. पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात वीस वर्षं राहिलेला बंगाली साधक, त्याचे दोन गिटारवाले चेले, आणि मागे कोंगावर हवानाचा माणूस! मॅक्लॉफ्लिन यांनी पुढे 'शक्ती' हा बँड काढला तो माहीमच्या झाकीर हुसेन यांना घेऊन. झाकीरभाई तर त्याच सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहून शिकवत होते. तबला आणि कोंगा अमेरिकेत शेजारी झाले ते त्या दशकात, त्या एका उपसागराच्या काठी.

सांताना बँडच्या १९७६ च्या 'अमीगोस' या तबकडीमध्ये 'गितानो' ही रचना पेरासांची आहे. ऐंशीच्या दशकात बँडमधले तालवादक राउल रेको आणि ओरेस्तेस विलातो यांच्या जोडीने तिघांची फळी जमली. साठीतले पेरासा कोंगावर एकल वादन सुरू करत, तेव्हा बाकीचे दोघे नुसता ठेका धरून त्यांच्याकडे बघत राहत.

१९९८ मध्ये सांताना बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली. सहा नावं कोरली गेली, त्यांत चेपीतो आहे, कॅराबेलो आहे. पेरासा नाहीत. नियम म्हणून समजू शकतो, सुरुवातीच्या संचालाच मान. तरी मला ते खटकतं. १४ एप्रिल २०१४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोजवळ पेरासा गेले, ८९ वर्षांचे होऊन.

ऐकायचंच असेल तर सांताना बँडची 'लोटस' घ्या. जुलै १९७३ मध्ये जपानमधल्या ओसाका शहरात केलेलं थेट ध्वनिमुद्रण, मुळात तीन तबकड्यांचा संच. ड्रमवर श्रीव्ह, टिंबालीवर चेपीतो, कोंगा-बोंगोवर पेरासा. पहिल्या वेळी गिटारच ऐकाल, इलाज नाही. दुसऱ्यांदा लावाल तेव्हा गिटार सोडून द्या आणि पेरासा कुठे कुठे वाजवत नाहीत, तेवढं टिपत जा.

नमस्कार.