दोनशे फ्लॉपी आणि खर्चाचा हिशेब

(दृश्य : खोक्यात दाटीवाटीने भरलेल्या फ्लॉपी)

१९९८ साली पूर्व लंडनमधल्या न्यूहॅम संग्रहालयाची पुरातत्त्व सेवा बंद पडली. माणसं पांगली, मागे राहिल्या दोनशेहून अधिक फ्लॉपी. त्या यॉर्क विद्यापीठातल्या आर्किऑलॉजी डेटा सर्व्हिसकडे, म्हणजे पुरातत्त्वाच्या डिजिटल नोंदी जपणाऱ्या संस्थेकडे, पोचल्या. ही संस्था तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती.

त्या फ्लॉपींत उत्खननांच्या नोंदी होत्या. आणि उत्खनन एकदाच होतं. थर खरवडून काढला की संपला, मग जागा लंडनची असो की घोड नदीकाठच्या इनामगावची. पुढे तो फक्त नोंदीत उरतो. नोंद गेली, की खोदकामाचा सगळा पैसा मातीत.

(दृश्य : संगणकावर उघडलेला तक्ता)

नोंद जाते कशी? दर वेळी डिस्कच बिघडते असं नाही. हा तक्ता पाहा. तिसऱ्या चरातला बारावा थर, म्हणून कुणीतरी '३-१२' लिहिलं. एक्सेलने परस्पर त्याचा ३ डिसेंबर करून टाकला. फाईल व्यवस्थित उघडते, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. शेजारच्या रकान्यात 'के २', 'के ४' असे खापरांचे प्रकार आहेत. के म्हणजे काय, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक, आणि तो केव्हाच नोकरी सोडून गेलेला. जीआयएस, म्हणजे संगणकावरच्या निर्देशांकांसह काढलेल्या नकाशाचंही तेच. तो ज्या स्वरूपात साठवतात ती शेपफाईल म्हणजे किमान तीन फाईलींचा संच. चौथी, पीआरजे, निर्देशांकांची पद्धत सांगते. ईमेलमध्ये ती जोडायची राहिली, की चर नकाशावर भलतीकडेच जाऊन बसतो.

म्हणून फाईल आत घेताना माणूस बसवावा लागतो. तो फाईली दीर्घकाळ उघडता येतील अशा स्वरूपांत बदलतो: तक्ते सीएसव्हीत, अहवाल पीडीएफ-एमध्ये, छायाचित्रं टिफमध्ये, आणि मूळ फाईलही तशीच जपतो. एकाच भिंतीचे चाळीस फोटो आले, तर कोणते ठेवायचे ते खोदणाऱ्यालाच निवडायला लावतो. प्रत्येक फाईलचा चेकसम, म्हणजे तिच्यातल्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा, काढतो, म्हणजे पुढे एक बिट बदलला तरी कळतं.

(दृश्य : सर्व्हरची खोली, मग टेबलावर काम करणारी माणसं)

'हार्ड डिस्क तर स्वस्तात मिळते, मग एवढा खर्च कसला?' हा प्रश्न हमखास येतो. यॉर्कच्या खर्चाची फोड केली तेव्हा डेटा मिळवणं आणि आत घेणं यावर सुमारे ५५ टक्के निघाले, लोकांपर्यंत पोचवण्यावर ३१ टक्के, आणि साठवण व जतन मिळून फक्त १५ टक्के. पैसा जातो तो पगारात. म्हणूनच संस्था डेटा जमा करतानाच एकरकमी शुल्क घेते. ती रक्कम उत्खननाच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवशीच धरायला हवी, कारण खोदकाम आटोपल्यावर हातात छदामही उरलेला नसतो. शिवाय संकेतांची यादी खोदणाऱ्याने लिहिली तर एका दुपारचं काम. पंधरा वर्षांनी परक्याने शोधायची, तर आठवडे जातात आणि तरी हाती लागेलच असं नाही.

बदल्यात काय मिळतं? २०१३ मध्ये नील बीग्री आणि जॉन हॉटन या अभ्यासकांनी याच संस्थेचा हिशेब मांडला. वापरणाऱ्यांचं जे काम वाचतं, त्याची किंमत वर्षाला किमान १.३ कोटी पौंड निघाली. संस्था चालवणं, डेटा जमा करणं आणि वापरणं, या सगळ्या खर्चाच्या पाचपट. तीस वर्षांत एका पौंडामागे परतावा २.१ ते ८.३ पौंड. एवढी मोठी तफावत पाहून कुणी भुवया उंचावल्या तर त्यात चूक नाही, कारण हे अंदाज वापरणाऱ्यांना विचारूनच बांधलेले आहेत. पण वरचा आकडा सोडून द्या. खालचा धरला तरी पौंडाचे दोन होतात.