जमीन सरकारची, खोली कामगाराची

(दृश्य: वरळी बीडीडी चाळ, बाहेरून)

1920 साल. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसला. तो पैसा आणि सरकारी कर्ज यांच्या जोरावर गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी कामगारांसाठी घरं बांधायला घेतली. त्यासाठी नवं खातं निघालं, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. म्हणून या बीडीडी चाळी. ठरल्या होत्या 50 हजार खोल्या, झाल्या साधारण 16 हजार. वरळीत 121 चाळी, नायगावला 42, ना. म. जोशी मार्गावर 32 आणि शिवडीत 12.

ज्या धंद्यासाठी माणूस गाव सोडून आला, त्याच धंद्याने त्याच्या घराचा भार उचलायचा, हे शंभर वर्षांपूर्वी सुचलं आणि झालंही. याचं फार मोल वाटतं. फक्त कामगाराला कुणी विचारलं नाही. भाडं परवडेना, वरळी तेव्हा आडबाजूला. कितीतरी खोल्या रिकाम्याच राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने वरळीच्या काही चाळींचा चक्क तुरुंग केला.

(दृश्य: खोलीच्या आत)

पुढे मात्र याच खोल्या भरून वाहिल्या. 160 चौरस फूट. कोपऱ्यात मोरी, शेजारी ओटा, वर पोटमाळा. संडास मजल्यावर सगळ्यांचे मिळून. मधून पॅसेज, दोन्ही बाजूंना दारं, भरदुपारीही दिवा लावावा लागतो. कोकणातून, घाटावरून आलेला माणूस गावच्या पोरांना इथेच उतरवून घ्यायचा. दिवसपाळीवाला कामाला गेला की रात्रपाळीवाला त्याच जागी आडवा. पाहुणे आले की पुरुषांच्या वळकट्या पॅसेजमध्ये.

1982च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. त्यांच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उठले, आणि गिरणी कामगार हक्काच्या घरासाठी अर्ज हातात घेऊन म्हाडाच्या दारात उभे राहिले. बीडीडीतला चाळकरी टिकला, कारण त्याच्या पायाखालची जमीन सरकारची होती.

(दृश्य: वरळी, नवी 40 मजली इमारत)

बीडीडी चाळी पाडून त्याच जागी नव्या इमारती बांधायच्या, या पुनर्विकासाचं पहिलं भूमिपूजन एप्रिल 2017मध्ये झालं, वरळीत प्रत्यक्ष काम 2021मध्ये सुरू झालं. इथली रीत मुंबईतल्या नेहमीच्या पुनर्विकासापेक्षा वेगळी आहे. एरवी बिल्डर येतो, रहिवाशांची संमती गोळा करतो, जमिनीचा नफाही त्याचाच. इथे म्हाडा कर्ती आहे. मोठ्या कंपन्या कंत्राटदार म्हणून बांधतात आणि बांधकामाचे पैसे घेतात. चाळकऱ्याला त्याच ठिकाणी 500 चौरस फुटांचं घर मोफत मिळतं. उरलेल्या जागेत विक्रीच्या इमारती उभ्या राहतात, त्यांतून खर्च निघतो. चाळींतल्या पोलीस कुटुंबांना मात्र पैसे भरावे लागणार होते. आधी 50 लाखांचा आकडा आला. कुठल्या हवालदाराला तो झेपणार होता? ओरड झाली, आणि 2022मध्ये तो 15 लाखांवर आला.

14 ऑगस्ट 2025. वरळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना चाव्या मिळाल्या. ज्यांचे आईवडील ट्रान्झिट कॅम्पात किंवा भाड्याच्या घरात वाट बघत गेले, त्यांच्यासाठी हा दिवस उशिराचाच.

तरीही एक गोष्ट बोचते. विकलेली घरं विकली गेली, ती पुन्हा कामगाराकडे येणार नाहीत. आज वरळी-परळच्या रुग्णालयांतली परिचारिका, बेस्टचा चालक, रस्ते झाडणारा कामगार विरारहून, बदलापूरहून उभ्याने प्रवास करतात. 1920च्या सरकारला नव्याने आलेल्या कामगाराची काळजी होती. आताच्या योजनेत जुन्या रहिवाशाचा हक्क आहे, नव्याने येणाऱ्याचा विचार नाही. विक्रीच्या इमारतींतला थोडा तरी भाग सरकारच्याच मालकीचा ठेवून परवडणाऱ्या भाड्याने द्यायला हवा होता.

(दृश्य: शिवडी)

शिवडीच्या 12 चाळी या प्रकल्पात नाहीत. कारण जमीन मुंबई बंदराची, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतली. खोल्या तेवढ्याच लहान, भिंती तेवढ्याच जुन्या. इथल्या चाळकऱ्यांची मागणी साधी आहे: वरळीला जे दिलं, ते आम्हालाही द्या. त्यासाठी केंद्र आणि राज्य यांच्यात करार व्हावा लागेल. तो करार सहीआधी मराठीत, चाळीच्या फलकावर लागायला हवा.