इंडिकेटरचा योग्य बल्ब निवडताना

श्रोतेहो, नमस्कार.

गाडीचा इंडिकेटर नेहमीपेक्षा भरभर लुकलुकू लागला, तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेला आहे असे बहुधा समजावे. बल्ब गेला की त्या बाजूचा विद्युतप्रवाह घटतो आणि फ्लॅशरची, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या भागाची, उघडझाप वेगाने होऊ लागते. हजार्डचे, म्हणजे सगळे इंडिकेटर एकदम लावणारे, बटण दाबून गाडीभोवती एक फेरी मारली, की कोणता दिवा बंद आहे ते लगेच कळते.

खरी अडचण दुकानात येते. गाडीचे नुसते नाव सांगून बल्ब मागू नये, कारण एकाच गाडीच्या निरनिराळ्या वर्षांच्या आवृत्त्यांत, इतकेच नव्हे तर पुढच्या आणि मागच्या दिव्यांतही, वेगळे बल्ब असू शकतात. जुना बल्ब थंड झाल्यावर काढून सोबत न्यावा आणि त्याच्या धातूच्या टोपीवर कोरलेली अक्षरे वाचावीत. तिथे '१२ व्होल्ट' आणि बहुतेक गाड्यांत 'पीवाय२१डब्ल्यू' किंवा 'पी२१डब्ल्यू' असे लिहिलेले आढळते. दोन्ही बल्ब २१ वॅटचेच असतात; मात्र पहिल्याची काच नारिंगी असते, तर दुसऱ्याची पारदर्शक. दिव्याचे बाहेरचे आवरण पारदर्शक असेल तर आतला बल्ब नारिंगी हवा. आवरणच नारिंगी असेल तर साधा बल्ब पुरतो. दुकानदाराने चुकून साधा बल्ब दिला तरी तो नारिंगी बल्बच्या होल्डरमध्ये बसत नाही, कारण साध्या बल्बच्या टोपीवरील दोन पिन समोरासमोर, म्हणजे १८० अंशांवर असतात आणि नारिंगी बल्बच्या १५० अंशांवर. पांढरा उजेड इंडिकेटर म्हणून लुकलुकू नये यासाठी केलेली ही योजना मला फार मोलाची वाटते; म्हणून पिन घासून किंवा जोर लावून बल्ब बसवण्याचा सल्ला कोणी दिला, तरी तो कृपया मानू नये.

पी२१/५डब्ल्यू या बल्बमध्ये उजेड देणाऱ्या दोन तारा (फिलामेंट) असतात. तो ब्रेक आणि टेल लाइटचा बल्ब आहे. इंडिकेटरसाठी घेऊ नये. फेंडरवरच्या, म्हणजे पुढच्या चाकावरील पत्र्यावरच्या, छोट्या इंडिकेटरमध्ये बहुधा टोपी नसलेला ५ वॅटचा नारिंगी बल्ब असतो.

एलईडीविषयी वारंवार विचारणा होते. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे पावणेदोन अँपिअर प्रवाह घेतो. एलईडी त्याहून कितीतरी कमी घेतो, त्यामुळे बल्ब गेला असे समजून फ्लॅशर पुन्हा भरभर चालू लागतो. त्यावर रेझिस्टर, म्हणजे कमी पडलेला प्रवाह स्वतः ओढून घेणारा भाग, जोडण्याचा उपाय सुचवला जातो. परंतु तो रेझिस्टर चांगलाच तापतो आणि प्लास्टिकला किंवा वायरिंगला टेकला तर ते वितळू शकते. शिवाय दिव्याचा रिफ्लेक्टर तारेच्या ठरावीक जागेनुसार बनवलेला असल्याने एलईडीचा उजेड बाजूने येणाऱ्याला कमी दिसण्याची शक्यता राहते. मूळचा दिवा तारेच्या बल्बचा असेल, तर तसाच बल्ब घालणे मला अधिक सुरक्षित वाटते.

नवा बल्ब लावूनही दिवा पेटत नसेल, तर होल्डर पाहावा. कोकणासारख्या दमट हवेत आणि पावसाळ्यानंतर त्याच्या संपर्कबिंदूंवर हिरवट थर साचतो. दिवे बंद ठेवून, बारीक पॉलिश पेपरने तो हलकेच घासून काढावा आणि आवरणाचे रबर फाटले असल्यास तेही बदलून घ्यावे.