दुर्बिणीआधी रिंगा

मंडळी, रायफल काय आणि परवाना काय, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला आळा घातला, ते योग्यच झालं. भीमगडच्या जंगलाशेजारी राहणाऱ्या आपल्याला त्याची किंमत कळते. बाहेरदेशी जिला शिकारी रायफल म्हणतात, ती आपल्याकडे आता टार्गेटवर नेम धरायला किंवा पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घरात असते. पण रायफलीवर दुर्बीण धरून ठेवणाऱ्या रिंगा दोन्हीकडे त्याच. त्यांचे पैसे आधी बाजूला काढा, मग दुर्बीण बघा, एवढंच मला आज सांगायचंय.

खानापूरकडचे आमचे एक स्नेही आहेत, भातशेतीवाले. लहान काडतुसाची पॉइंट 22 रायफल, वर चांगली दुर्बीण. आता निवडणूक लागली की आपली हत्यारं ठाण्यात जमा होतात. ग्रामपंचायत झाली, विधानसभा आली, लोकसभा आली... तुम्ही हसताय, म्हणजे सगळ्यांच्या पावत्या घरात आहेत! तर रायफल परत आली आणि 50 मीटरवर गोळी वीतभर डावीकडे. दुकानदार म्हणाला, दुर्बीण गेली. यांनी भाताच्या पट्टीतून दुसरी घेतली. दोन दिवस बरी चालली, पुन्हा गोळी भरकटली. मग म्हणे रायफलीची नळी गेली! घरात भांडण, वहिनी म्हणाल्या विकून टाका ते. शेवटी रायफल माझ्याकडे आली. रिंगा उघडल्या. दुर्बिणीची नळी एक इंची, म्हणजे 25.4 मिलिमीटर, आणि रिंगा 30 मिलिमीटरच्या. मधली जागा भरायला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली! दुर्बिणीवर ‘फ्री’ दिलेल्या रिंगा होत्या त्या. मला आजही त्याचा राग येतो. शेतकऱ्यानं हजारो रुपये मोजले, आणि ज्यावर सगळं उभं, ती वस्तू खोक्यातून हाताला लागेल ती दिली.

हिशोब करून बघा. दोन रिंगांमध्ये 10 सेंटिमीटर अंतर धरा. एक रिंग मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी सरकली, तर 50 मीटरवर 5 सेंटिमीटर फरक, 100 मीटरवर 10. रबर तर त्याहून कितीतरी जास्त दबतं. दांडी वाकडी असलेल्या चष्म्याचा नंबर बदलून काय होणार?

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं, निपाणीच्या मंडळींना गाडी गाठायचीय. निवड कशी करायची ते सांगायचं राहिलंच, भराभर सांगतो.

पहिलं, दुर्बिणीच्या नळीचा व्यास: बहुधा एक इंच, 30 किंवा 34 मिलिमीटर. रिंग तंतोतंत त्याच मापाची हवी. दुसरं, रायफलीवरची बैठक. पॉइंट 22 वर बहुधा 11 मिलिमीटरची डव्हटेल, म्हणजे तिरप्या कडांची खाच असते. आडव्या खाचांची पट्टी असेल तर ती वीव्हर की पिकाटिनी, या दोन प्रकारांतली कुठली ते मोजा: वीव्हरची खाच 4.57 मिलिमीटर रुंद, पिकाटिनीची 5.23. वीव्हरची रिंग पिकाटिनीवर बहुधा बसते, उलटं होईलच असं नाही. तिसरं, उंची. दुर्बिणीची पुढची काच रायफलीच्या नळीला टेकू नये, काडतूस भरायच्या बोल्टची मूठ मोकळी फिरावी, एवढं सांभाळून जितकी खाली बसेल तितकी चांगली. उंच रिंगा घेतल्या की गाल दस्त्यावरून उचलावा लागतो आणि नेम दरवेळी वेगळा येतो.

स्क्रू फार पिळून बसवू नका. रिंगेच्या वरच्या स्क्रूंना साधारण 15 ते 18 इंच-पाउंड, म्हणजे 2 न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतं. बनवणाऱ्यानं आकडा दिला असेल तर तोच पाळा. टॉर्कचा, म्हणजे पिळाचा जोर मोजणारा पाना वापरा, स्क्रू आलटून पालटून आवळा, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवा. जास्त आवळलं की दुर्बिणीची नळी चेपते.

आणि ठाण्यात जमा करण्याआधी रिंग आणि नळी या दोन्हींवरून पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवा. परत आणल्यावर ती रेघ तुटलेली दिसली, तर दुर्बिणीचे नेम जुळवायचे स्क्रू फिरवत बसू नका, आधी रिंगा उघडा. इथे टेबलावर दोन जोड आणि पाना ठेवलाय, जाता जाता हातात घेऊन बघा.