टेडी शीन: अठरा वर्षांचा खलाशी आणि ७८ वर्षं अडकलेलं पदक

नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे? मेलबर्न-सिडनीचे आपले नेहमीचे श्रोते आहेतच, पण हल्ली ॲपवरून पुण्या-नाशकातलेही बरेच जण ऐकतात, म्हणून आधी जागा सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया बेट आहे, त्याच्या उत्तरेकडे मर्सी नदीच्या काठी लट्रोब नावाचं छोटंसं गाव आहे. आज तिथल्या एका पोराबद्दल बोलायचंय. नाव एडवर्ड शीन, पण टेडी म्हणूनच सगळे ओळखतात.

जन्म २८ डिसेंबर १९२३ चा, जवळच्याच लोअर बॅरिंग्टनचा. वडील मजूर, आणि हा घरातला चौदावा! लहान असतानाच कुटुंब लट्रोबला आलं, तिथल्या कॅथलिक शाळेत शिकला, मग आसपासच्या शेतांवर पडेल ते काम. तेवढ्यात दुसरं महायुद्ध आलं, पाच भाऊ आधीच फौजेत गेलेले, चार आर्मीत आणि एक नेव्हीत, मग हा कसला घरी थांबतोय. एप्रिल १९४१ मध्ये होबार्टला जाऊन नेव्हीत भरती झाला. वय सतरा, रँक ऑर्डिनरी सीमन, म्हणजे ज्याला सगळ्यांनी काम सांगायचं आणि ज्याने कुणालाच सांगायचं नाही अशी.

ट्रेनिंग झाल्यावर मे १९४२ मध्ये त्याला सिडनीला पाठवलं. हार्बरमध्ये कटबुल नावाची एक जुनी फेरीबोट होती, नेव्हीने ती ताब्यात घेऊन खलाशांच्या राहण्याची सोय केली होती, टेडीचा मुक्काम तिथेच. मग त्याला घरी जायला सुट्टी मिळाली, आणि ३१ मेच्या रात्री जपानच्या छोट्या पाणबुड्या हार्बरमध्ये घुसल्या, एक टॉर्पेडो कटबुलखाली फुटला आणि झोपलेले २१ नौसैनिक गेले. टेडी टास्मानियात होता म्हणून वाचला. आणि हे आपल्यासाठी सांगतो, त्या रात्री त्याच हार्बरमध्ये रॉयल इंडियन नेव्हीचं एक जहाजही होतं, त्याचं नाव ‘बॉम्बे’. ऑस्ट्रेलियात बाथर्स्ट क्लासच्या ६० कॉर्व्हेट, म्हणजे छोट्या युद्धनौका, बांधल्या, त्यातल्या चार भारतासाठी होत्या, त्यातली ही एक.

टेडीला मिळालेलं जहाजही याच जातीचं, आर्मिडेल. ११ जून १९४२ ला ते नेव्हीत दाखल झालं. या जहाजांना ऑस्ट्रेलियातल्या गावांची नावं द्यायचे, आर्मिडेल तर समुद्रापासून चांगलं आत, डोंगरावरचं गाव. जहाज छोटं, काम बहुतेक मालवाहू बोटींना सोबत करायचं, रोज तेच. टेडी ऑर्लिकन तोफेवर लोडर होता. ऑर्लिकन म्हणजे विमानं पाडायची २० मिलीमीटरची तोफ, एक जण खांदे टेकवून, पट्टा बांधून नेम धरणार आणि दुसऱ्याने गोळ्यांचे ड्रम बदलत राहायचं. एका ड्रममध्ये ६० गोळ्या आणि मिनिटाला साधारण ४५० चा वेग, म्हणजे ट्रिगर दाबून धरला तर आठ सेकंदात ड्रम रिकामा. त्यामुळे लोडरला उसंत नाही, पण नेम धरणारा तो नव्हे, हे लक्षात ठेवा.

नोव्हेंबरच्या शेवटी आर्मिडेल आणि कॅसलमेन ही दोन जहाजं डार्विनहून तिमोरला निघाली. तिमोर जपान्यांच्या ताब्यात, तिथे अडकलेले थकलेले ऑस्ट्रेलियन सैनिक आणि पोर्तुगीज नागरिक काढून आणायचे आणि डच फौजेचे ताजे सैनिक उतरवायचे, असा बेत. पहिल्या रात्री कुरू नावाच्या तिसऱ्या छोट्या बोटीशी गाठभेट चुकली. सकाळी ती नागरिकांना घेऊन भेटली, ते सगळे कॅसलमेनवर चढवले आणि ती डार्विनला परत निघाली. आर्मिडेलला मात्र हुकूम आला की तुम्ही परत तिमोरकडे जा. दिवसाढवळ्या, वर विमानाचं कव्हर नाही, मागितलं तरी मिळालं नाही, आणि जपानी विमानांनी त्यांना आधीच बघितलेलं. माझं मत विचाराल तर त्या हुकमावर जेवढी चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही, कारण शौर्याची गोष्ट सांगताना चुकीच्या हुकमाची गोष्ट आपोआप मागे पडते.

१ डिसेंबर १९४२, दुपार. विमानं पुन्हा पुन्हा येत होती आणि जहाज नागमोडी पळत चुकवत होतं. तीनच्या सुमाराला डाव्या बाजूला टॉर्पेडो लागला, लगेच दुसरा इंजिनच्या भागात, वरून मागच्या बाजूला बॉम्ब. जहाज कलंडलं, कॅप्टन डेव्हिड रिचर्ड्सनी जहाज सोडायचा हुकूम दिला. लोकांनी उड्या टाकल्या, तर जपानी विमानं खाली येऊन पाण्यातल्या माणसांवर मशीनगन चालवायला लागली.

टेडीने एक लाइफराफ्ट सोडवायला मदत केली होती. पुढचं साहजिक म्हणजे त्याने स्वतः उडी मारायची. तो मागच्या ऑर्लिकनकडे वळला. छातीत आणि पाठीत गोळ्या लागलेल्या, तसाच तोफेला स्वतःला बांधून घेतलं आणि फायरिंग सुरू केलं. एक बॉम्बर पाडला, बाकीच्यांना पाण्यातल्या पोरांपासून लांब ठेवलं. वाचलेल्यांनी नंतर सांगितलं की जहाज बुडत असताना, पाणी त्याच्यापर्यंत आलं तरी तोफ चालूच होती. एकोणिसावा वाढदिवस २७ दिवसांवर होता.

जहाजावर १४९ माणसं होती, शेवटी ४९ वाचली. गेलेल्यांत सगळ्यात जास्त डच फौजेतले इंडोनेशियन सैनिक होते, त्यांची नावं मात्र या गोष्टीत फारशी कुणी घेत नाही, मला ते खटकतं. आणि बुडाल्यावर सगळं संपलं असंही नाही. कॅप्टन काही जणांना घेऊन मोटरबोटीतून मदत आणायला गेला, काही जण फुटक्या होडीतून निघाले, दोन्ही बोटी सापडल्या. राफ्टवरचे तसेच मागे राहिले होते. ८ डिसेंबरला पाण्यावर उतरू शकणाऱ्या एका कॅटलिना विमानाला ते दिसले, पण समुद्र खवळलेला म्हणून ते उतरू शकलं नाही, वरून फोटो काढला, आणि त्यानंतर ती माणसं कुणालाच दिसली नाहीत.

आता पदकाचं. त्या काळच्या ब्रिटिश नियमांत मेलेल्या माणसाला दोनच गोष्टी देता यायच्या, एकतर सर्वोच्च शौर्यपदक व्हिक्टोरिया क्रॉस, नाहीतर ‘मेन्शन इन डिस्पॅचेस’ म्हणजे कागदावर एक उल्लेख. मधलं काहीच नाही. टेडीच्या वाट्याला उल्लेख आला. १९९९ मध्ये एका पाणबुडीला शीन हे नाव दिलं, साध्या खलाशाचं नाव मिळालेलं ऑस्ट्रेलियन नेव्हीचं ते पहिलंच जहाज, पण पदक नाहीच. घरच्यांनी आणि टास्मानियाच्या लोकांनी पिच्छा सोडला नाही. २०१३ च्या चौकशीत नाही म्हणाले. २०१९ मध्ये दुसऱ्यांदा तपासून म्हणाले द्या, तर मे २०२० मध्ये सरकारच नाही म्हणालं! टास्मानियात लोक भडकले, पंतप्रधान स्कॉट मॉरिसनना तज्ज्ञांची आणखी एक समिती नेमावी लागली, तिने हो म्हटलं आणि ऑगस्टमध्ये राणीची मंजुरी आली. १ डिसेंबर २०२० ला, बरोबर ७८ वर्षांनी, कॅनबेरात गव्हर्नर जनरलच्या हस्ते घरच्यांना पदक दिलं. ऑस्ट्रेलियन नेव्हीची ही पहिलीच व्हिक्टोरिया क्रॉस. एवढ्या लढाया लढलेल्या नेव्हीची पहिली, आणि तीही सगळ्यात खालच्या रँकच्या पोराची.

मेलबर्नवाल्यांनो, तुमच्यासाठी एक शेवटचं. त्या सकाळी नागरिकांना घेऊन परत गेलेली कॅसलमेन अजून आहे, आपल्या विल्यम्सटाऊनला जेम पिअरवर, म्युझियम करून ठेवलीय. आर्मिडेल दिसायला साधारण तशीच होती, लांबी जेमतेम ५७ मीटर. पोरांना घेऊन जा, मागच्या डेकवर नक्की जा, फक्त निघायच्या आधी उघडायची वेळ बघून घ्या, रोज उघडी नसते.